अकराशे चाळीस बाबा

आमच्या दवाखान्यात सगळ्यात हळू कोण बोलत असेल तर खुद्द डॉक्टर. कानाचे डॉक्टर, आणि बोलणं असं की चांगल्या कानाच्या माणसानेही पुढे वाकावं. मी त्यांच्याकडे सतरा वर्षं कान तपासते. कानात डोकवायचं काम त्यांचं. माझं काम काचेच्या अलीकडे बसून आवाज सोडायचं. काचेपलीकडे एक छोटी खोली आहे, भिंतींना आतून जाड स्पंज, दार लावलं की जग बंद. आम्ही तिला पेटी म्हणतो. पेशंट आत बसतो, हेडफोन लावतो, मी बारीक बारीक सूर सोडते, आणि ऐकू आलं की त्याने बोट वर करायचं. काही जण ऐकू न येताही बोट वर करतात. त्यांना वाटतं ही परीक्षा आहे, आणि नापास झालो तर घरी कळेल.

दुपारी पेशंट नसले की मी स्वतःच पेटीत जाऊन बसते. दिवा मालवायचा, दार ओढून घ्यायचं. आधी काहीच नसतं. मग आपलंच रक्त कानात चालताना ऐकू येतं. मग हळूहळू जुने आवाज यायला लागतात, बोलावलेले नसताना: शाळेच्या पाटीवरची पेन्सिल, आईच्या बांगड्या, कुणीतरी जिना चढतंय. किती वेळ गेला ते कळत नाही. नवरा म्हणतो, तुला दिवसाढवळ्या झोपायची नोकरी लागली आहे. झोप नव्हे ती. झोपेच्या उंबरठ्यावर बसून आत डोकावणं आहे, पण हे नवऱ्याला कोण समजावणार.

अलीकडे अशा दुपारी फार यायला लागल्या होत्या. चौकात मोठं हॉस्पिटल झालं, सरकत्या दारांचं, बाहेर मोफत तपासणीचा फलक लावलेलं, आणि आम्ही माशा मारत बसलो. मग डॉक्टर दोन दिवसांच्या कुठल्याशा शिबिराला गेले आणि डोळ्यांत नवी चमक घेऊन परत आले. दर महिन्याला सगळ्या जुन्या पेशंटना ईमेलवर पत्र पाठवायचं. लोकांच्या लक्षात राहायचं.

"कोण लिहिणार?" मी विचारलं.

"तूच लिही. तुझं अक्षर चांगलं आहे," ते पुटपुटले.

ईमेलला अक्षर काय करायचं ते मी विचारलं नाही. एवढ्या हळू बोलणाऱ्याशी वाद घालणं म्हणजे आपणच भांडकुदळ ठरायचं.

यादीत अकराशे चाळीस पत्ते निघाले. पहिल्या महिन्याचं पत्र होतं 'कानांची निगा राखण्याचे सात सोपे उपाय'. सोबत एका हसऱ्या म्हाताऱ्या जोडप्याचा फोटो. इतके पांढरे दात या वयात कुणाचे असतात? त्र्याण्णव जणांनी ते उघडलं, बाकीच्यांनी ढुंकून पाहिलं नाही. दुसऱ्या महिन्यात आणखी सात उपाय. डॉक्टरांचा चेहरा बघवेना.

तिसऱ्या पत्राच्या वेळी मी पेटीत बसले होते आणि मला ते खोकं आठवलं.

आमच्याकडे एक रीत आहे. कुणाला पहिल्यांदा कानाचं मशीन लागलं की डॉक्टर त्याला घरी सोडत नाहीत. पंधरा मिनिटं बाहेर रस्त्यावर फिरून या म्हणतात. परत आला की एकच प्रश्न: पहिला आवाज कुठला ऐकलात? मी ते उत्तर त्याच्या कार्डाच्या मागे लिहून ठेवते. सतरा वर्षांची कार्डं एका खोक्यात आहेत. एका पोस्टमनने स्वतःच्या चपला ऐकल्या होत्या आणि आपल्या मागे कोण लागलंय म्हणून तीनदा वळून पाहिलं होतं. एका बाईंना कळलं की लग्नाला तीस वर्षं झालेला त्यांचा नवरा चालताना गुणगुणतो. एका शिक्षिकेने झाडाचं पान पडताना ऐकलं. मी म्हटलं, बाई, पान नसेल. त्या म्हणाल्या, मग तुम्ही सांगा काय होतं.

मी नावं गाळून असे चार आवाज लिहिले आणि पाठवून दिले. साडेसहाशे जणांनी पत्र उघडलं. काहींनी तर उत्तर पाठवलं. बाकावर माणसं दिसायला लागली. डॉक्टर खुशीत येऊन काहीतरी बोलले. काय बोलले देव जाणे.

आता खरं सांगते. मी ती पत्रं अकराशे चाळीस जणांसाठी लिहीतच नव्हते. एकाच माणसासाठी लिहीत होते, आणि तो माणूस म्हणजे आमचे बाबा.

बाबा घड्याळं दुरुस्त करतात. दवाखान्यापासून सात मिनिटांवर त्यांचं दुकान, आणि वर ते राहतात. भिंतीवर चाळीस घड्याळं, प्रत्येक आपल्या तालात. लहानपणी मी त्या दुकानात काउंटरखाली झोपायचे आणि तो टिकटिकाट माझ्या अंगावर पांघरुणासारखा पडायचा. त्या माणसाला गेली दहा वर्षं कमी कमी ऐकू येत चाललं होतं. आई होती तोवर ती त्यांचे कान होती. कुणी आलं की त्यांच्या कोपराला हात लावायची, गिऱ्हाइकाचं बोलणं सहज बोलल्यासारखं परत बोलायची. सहा वर्षांपूर्वी ती गेली, आणि त्या आठवड्यात बाबांनी काउंटरसमोर आरसा लावला. मागून कोण येतं ते दिसावं म्हणून. मला म्हणाले, दुकान मोठं दिसतं.

मशीनचा विषय काढला की ते म्हणायचे, "हो हो." हे हो हो फार सोयीचं असतं. जगातल्या निम्म्या प्रश्नांना ते चालून जातं. आणि मी? रोज परक्यांना विचारायचं ऐकू येतंय का, आणि घरच्या माणसापुढे मूग गिळून बसायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पत्र सगळ्यांना पाठवण्याआधी ते नीट दिसतंय का हे बघायला एक चाचणीचं पत्र पाठवायचं असतं. त्या छोट्या यादीत मी दोनच पत्ते घातले होते, डॉक्टरांचा आणि बाबांचा. म्हणजे सगळ्यांच्या आदल्या दिवशी बाबा ते वाचायचे, फोन धरून, डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून. रविवारी मी गेले की म्हणायचे, "बरं लिहितेस ठमे. त्या पान पडताना ऐकणाऱ्या बाईंनी मात्र तुम्हाला फसवलं." बस, एवढंच. मी वाट बघायचे. चहा संपायचा, कप विसळले जायचे, स्वतःबद्दल अवाक्षर नाही.

एका शुक्रवारी दुपारी मी वाटेत दुकानाच्या दाराशी थांबले. बाबा आरशात बघत नव्हते. त्यांच्या हातात एक छोटं बायकांचं घड्याळ होतं. ते त्यांनी उचललं, हलकेच दातांत धरलं आणि डोळे मिटून घेतले. भोवती चाळीस घड्याळं चालली होती. त्यांचा चेहरा विहिरीत वाकून बघणाऱ्या माणसासारखा झाला होता. मग त्यांनी मान हलवली, घड्याळ पुसलं आणि पाकिटात घातलं. मी तशीच मागे फिरले. दवाखान्यात येऊन पेटीत बसले आणि लिहिलं:

"बाबा, आज मी तुम्हाला घड्याळ दातांत धरताना पाहिलं. हाडांतून आवाज कसा जातो ते मी सतरा वर्षं लोकांना समजावते, आणि तुम्ही ते कुणी न शिकवता शोधून काढलंत. किती वर्षं असं चाललंय? भोवती सगळी घड्याळं बोलताहेत आणि तुम्ही एकेकाला तोंडाशी धरून विचारताय, चालू आहेस ना? मी तुम्हाला कधी सरळ विचारलं नाही, कारण तुम्ही खरं सांगाल याचीच भीती होती. एकदा या. दुखत नाही. मी काचेच्या अलीकडेच असेन."

हे मी महिन्याच्या पत्राच्याच साच्यात लिहिलं. दुसरीकडे लिहिलं असतं तर ते बाबांना दचकवणारं पत्र झालं असतं. हे नेहमीसारखं, आदल्या दिवशीच्या पत्रासारखं गेलं असतं. चाचणीच्या यादीतून डॉक्टरांना काढलं, एकट्या बाबांना शनिवारी सकाळी पाठवलं. सोमवारी दहाला येऊन हा मजकूर पुसायचा, नेहमीचा घालायचा आणि सगळ्यांना सोडायचा, असा हिशेब होता.

शनिवारी दुपारी मी पेटीत हेडफोन लावून मशीनचे सूर तपासत होते. काचेपलीकडे डॉक्टर आले. त्यांचे ओठ हलले. मला एक शब्द ऐकू आला नाही. मी मान हलवली आणि म्हणाले, "हो हो."

रविवारी बाबांकडे गेले. त्यांनी स्वतः चहा केला. पत्राचा विषय मीही काढला नाही. मी निघाले तेव्हा ते जिन्यापर्यंत आले आणि खूप वेळ कठडा पुसत उभे राहिले.

"उद्या संध्याकाळी दुकान लवकर बंद करतो," ते म्हणाले. "येतो तुझ्याकडे. पण ठमे, कुणाला सांगू नकोस."

मी कुणाला सांगणार होते? घरी जाताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

सोमवारी सकाळी सात वाजता ते पत्र अकराशे चाळीस जणांना गेलं. डॉक्टर शनिवारी काचेपलीकडून तेच सांगत होते. शिबिरात शिकले होते ते, पत्र नेहमी ठरल्या वेळेला जावं. मला मदत करायची म्हणून त्यांनी साच्यात होतं ते पत्र न वाचताच वेळ लावून टाकली होती. प्रत्येक पत्रावर आपोआप 'नमस्कार' आणि त्या माणसाचं नाव पडलं, आणि खाली लगेच माझं 'बाबा'. एका सकाळी मी अकराशे चाळीस जणांना बाबा म्हटलं.

मला कळलं तेव्हा साडेआठ वाजले होते. आठशे सत्तर जणांनी उघडलंही होतं. आमच्या भागात घड्याळ दुरुस्त करणारे उरलेत दोन, आणि त्यातला दुसरा अठ्ठावीस वर्षांचा आहे. कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मी धावत दुकानात गेले, तर काउंटरपाशी शेजारचा दुकानदार उभा राहून बाबांच्या तोंडाजवळ ओरडत होता, "काही लागलं तर सांगा हं!" एक गिऱ्हाईक दुरुस्त झालेलं घड्याळ परत घेऊन आलं होतं. पुन्हा एकदा बघता का म्हणे.

ते गेल्यावर बाबांनी माझ्याकडे सरळ पाहिलं, आरशातून नाही.

"चाळीस वर्षं लोक माझ्या कानावर भरवसा ठेवून घड्याळ देतात," ते म्हणाले. "तू माझे दात चव्हाट्यावर मांडलेस."

"बाबा, ते चुकून..."

"मी सांगितलं होतं, कुणाला सांगू नकोस."

ते संध्याकाळी आले नाहीत. मी सहा वाजल्यापासून बाकावर बसून होते. मग सवयीने पत्राचा अहवाल उघडला. नाव काढून टाकणारे: एक. यादीतून जाणाऱ्याला कारण विचारलं जातं, खाली चौकट असते. बहुतेक जण ती रिकामी ठेवतात. बाबांनी भरली होती. 'मला सगळं ऐकू येतं.'

त्या दिवशी मी पेटीत बसून रडले. तिथे रडायचा एक फायदा आहे, कुणाला ऐकू जात नाही. पण तोटाही आहे. आपल्याला फार ऐकू येतं.

पुढचे सहा रविवार मी बाबांकडे गेले आणि सहा रविवार त्यांनी मला चहा दिला, एक शब्द न बोलता. भांडले असते तर बरं झालं असतं. दुकानातली घड्याळं चालत राहायची आणि आम्ही दोघं त्यांच्या मधोमध, पाण्याच्या तळाशी बसल्यासारखे.

आणि तिकडे दवाखान्यात रीघ लागली. माझ्या तोंडून हे निघायला नको, पण डॉक्टरांच्या शिबिरात असं पत्र कुणी शिकवलं नसेल. लोक यायचे, आणि बसायच्या आधी आपली युक्ती कबूल करायचे. एक सुतार म्हणाला, करवत नीट चालते की नाही ते मी तळहाताने ऐकतो. एक स्वयंपाकीण पाणी उकळलं का ते झाकणावर बोट ठेवून ओळखायची. एक म्हातारे गृहस्थ पत्र छापून खिशात घालून आले होते. म्हणाले, "आधी वाटलं माझ्या मुलीनेच लिहिलंय. नाव माझंच होतं ना वर. मग आठवलं, मला मुलगी नाही. पण म्हटलं, आता बोलावलंय तर जावं."

या सगळ्यांना मशीनं लागली. डॉक्टर त्यांना रस्त्यावर धाडायचे, ते परत यायचे आणि मी विचारायचे, पहिला आवाज? घड्याळं, म्हणाला सुतार. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकीण: घड्याळं, खूप सारी. म्हातारे गृहस्थ: घड्याळं. पाचव्या कार्डावर घड्याळं लिहिताना माझा हात थांबला. सात मिनिटं जायला, सात यायला, मध्ये एक मिनिट. पंधरा मिनिटांत बरोबर बसत होतं.

"तुम्ही जाता कुठे?" मी पुढच्या पेशंटला विचारलं. त्या शिवणकाम करणाऱ्या मावशी होत्या.

"अहो, ज्यांना तुम्ही पत्र लिहिलंत त्यांच्या दुकानात," त्या म्हणाल्या. "नवा कान मिळाला तर आधी कुठे न्यायचा? मी गेले, नुसती उभी राहिले डोळे मिटून. काय सुंदर हो! सगळं दुकान कुजबुजत होतं. फक्त ते कोपऱ्यातलं मोठं घड्याळ लंगडतंय. एक ठोका लांब, एक जवळ. शिलाई मशीन असं चाललं तर टाका सुटतो. मी सांगितलं त्यांना."

"काय म्हणाले?"

"अहो, माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्या घड्याळाकडे बघत राहिले. मला वाटलं, माझं काही चुकलं."

कोपऱ्यातलं घड्याळ माणसाएवढं उंच आहे. ते दातांत धरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दवाखान्यात आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात भिंग. बाकावरच्या चार जणांनी त्यांना ओळखलं आणि सरकून जागा दिली. ते बसले नाहीत.

"मी माझ्यासाठी आलेलो नाही," ते मला म्हणाले. "घड्याळासाठी आलोय."

मी त्यांना पेटीत बसवलं, हेडफोन लावले. त्यांचे कान माझ्या हातांना किती वर्षांनी लागले. काचेच्या अलीकडे येऊन मी सूर सोडायला लागले. जाड सूर त्यांना सगळे आले, बोट झटकन वर. मी बारीक सुरांकडे गेले तरी बोट वर. एकही चुकेना. मग माझ्या लक्षात आलं, ते काचेतून माझा हात बघत होते. आरशाची सवय. मी आत जाऊन त्यांची खुर्ची भिंतीकडे वळवली. आता मी बारीक सूर सोडला आणि बोट मांडीवरच राहिलं. आणखी मोठा केला. मांडीवरच. त्या पाठमोऱ्या खांद्यांकडे बघत मी सूर वाढवत गेले, आणि त्यांचे खांदे वाट बघत होते, शाळेत नाव पुकारायची वाट बघावी तसे. टिकटिक याच सुरांत असते. बायकांचे आवाजही बरेचसे तिथेच असतात.

डॉक्टरांनी मशीन बसवलं, जुळवलं आणि पुटपुटले, "पंधरा मिनिटं फिरून या." बाबा उठले. कोपऱ्यातल्या घड्याळाकडे जायची त्यांना घाई होती, मला ते दिसत होतं.

"बाबा, जिना उतरताना जपून, पहिल्या दिवशी जरा गरगरतं," मी म्हणाले.

ते दारातच थांबले. वळले नाहीत.

"परत बोल."

"काय बोलू?"

"काहीही बोल."

"जपून जा म्हटलं. घड्याळ कुठे पळून जात नाही. चहा घेऊन जा हवं तर. बाबा? काय झालं?"

ते वळले. मी त्यांना आई गेली त्या दिवशीही असं पाहिलं नव्हतं.

"तुझा आवाज तुझ्या आईसारखा कधी झाला?" ते म्हणाले. "मला कुणी सांगितलं कसं नाही?"

मी त्यांचं कार्ड पुढे ओढलं. आणि ते माझ्या तोंडाकडे न बघता, मान जराशी कलती करून, मी बोलायची वाट बघत होते. घड्याळ कानाशी धरल्यासारखे.

ते बाहेर गेलेच नाहीत. रीत मोडली म्हणून डॉक्टर कुरकुरलेही असतील. मी बाबांचं कार्ड उलटं केलं आणि पेन हातात घेऊन बसले. पहिला आवाज. माझा लिहू की आईचा?

"लिहू नकोस काही," बाबा म्हणाले. "परत छापून टाकशील."

"नाही छापणार." मी पेन ठेवलं. "बाबा, तुमचं नाव परत यादीत घालू का? आदल्या दिवशीचं पत्र येईल, पहिल्यासारखं."

त्यांनी विचार केला. खिशातलं भिंग काढलं, पुसलं, परत ठेवलं.

"नको," ते म्हणाले. "तू येऊन वाचून दाखव."

कोपऱ्यातलं घड्याळ त्यांनी त्याच दुपारी सरळ केलं. आमची यादी आता दीड हजाराच्या वर गेली आहे. बाबांचं नाव तिच्यात अजून नाही.